भाते प्रमाण मानून

आजींची फुंक संपायच्या आधी भात्यांचा आवाज संपला. झालं ते एवढंच. वयाने वाळून खुर्चीच्या काठावर पाखरासारख्या टेकलेल्या त्या आजी, नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, नळीमागे मशीन. आणि शेजारी उभे राहून भाते नेहमीसारखे ओरडत होते, घ्या आत, अजून घ्या, भरा भरा, आणि आता फुंका, फुंका फुंका फुंका, सोडू नका, अजून आहे, अजून आहे, अ... शेवटच्या 'अजून'मधला 'अ' बाहेर आला आणि 'जून' आतच राहिला. आजी फुंकतच होत्या. पडद्यावरची रेघ सावकाश पुढे सरकत होती, आणि त्या खोलीत बहुधा पहिल्यांदाच नुसत्या फुंकेचा आवाज ऐकू आला; दाराच्या फटीतून वारा यावा तसा, बारीक, चिवट. शेवटी आजींनीच नळी काढली आणि चिमट्यामुळे गेंगाण्या झालेल्या आवाजात विचारलं, "थांबू का रे बाळा? तू मधेच गप्प झालास." भात्यांनी घशात काहीतरी अडकल्याचं सांगितलं आणि पुरावा म्हणून थोडं खोकून दाखवलं. दाखवण्यापुरता आणलेला खोकला मग जायला तयार होईना. आजींनी पर्समधून खडीसाखरेचा खडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. पेशंटने तपासणाऱ्याला औषध द्यायची ही त्या खोलीतली पहिलीच वेळ.

भात्यांचं काम लोकांना श्वास सोडायला लावण्याचं. घ्यायला कोणी शिकवावं लागत नाही, जन्मल्याबरोबर माणूस तेवढं रडत रडत करतो. गोम सगळी सोडण्यात असते. मोठ्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टपासून सगळ्यात लांबच्या टोकाला त्यांची बिनखिडकीची खोली होती. ज्यांना चार पावलं चालून धाप लागते त्यांच्याच तपासणीची खोली इतकी लांब का, हे इमारत बांधणाऱ्याला कोणी विचारलं नव्हतं. भात्यांचं म्हणणं, बरंच आहे, पेशंट दारात पोचेपर्यंत निम्मी तपासणी झालेली असते. भिंतीवर फुप्फुसांचं गुलाबी चित्र होतं, आणि केस काळे होते तेव्हापासून भाते त्यावर पट्टी टेकवून तेच सांगत आले होते. हे उलटं टांगलेलं झाड समजा. हे खोड, ही श्वासनलिका. खोडाला दोन फांद्या, फांद्यांना फांद्या, आणि अगदी टोकाला द्राक्षांच्या घडासारख्या बारीक पिशव्या. हवा तिथवर जाते, चांगली असेल ती रक्तात उतरवते, वापरलेली उचलते आणि परत निघते. खाली हा स्नायूचा पडदा. तो खाली ओढला गेला की हवा आत, सैल पडला की बाहेर. तुम्ही झोपलात तरी पडदा ड्युटीवर. दमा म्हणजे फांद्या आवळतात, आतून सुजतात. हवा कशीबशी आत शिरते पण निघताना तिला दार सापडत नाही, निरोप घेऊन उंबऱ्यात तासभर बोलत उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखी. ज्यांनी वर्षानुवर्षं धूर किंवा धूळ खाल्ली त्यांची गत वेगळी. त्यांच्या पिशव्या जुन्या मोज्याच्या इलॅस्टिकसारख्या सैल; आत माल भरपूर, बाहेर लोटायला जोर नाही. म्हणून फुंकायचं, दणकून आणि तळापर्यंत. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते त्यावर अर्धं निदान. माणूस पहिल्या सेकंदालाच ओळखावा, असं भाते घरीही म्हणत, आणि बायको म्हणे, मला ओळखायला तुला किती वर्षं लागली ते आठव.

भाते हे त्यांचं आडनाव नव्हतं. नोकरीला लागले त्या दिवशी तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी गंमत म्हणून त्यांना फुंकायला लावलं, तर जुन्या मशीनची लेखणी कागदाबाहेर गेली. माणूस आहे की लोहाराचा भाता, असं डॉक्टर म्हणाले. भात्याचे भाते झाले, भात्यांचे भातेसाहेब झाले, आणि एके वर्षी ओळखपत्रावरही तेच छापून आलं. ते बदलून घ्यायला जी खिडकी होती तिच्यासमोर इतकी रांग होती की त्यांनी आडनावच बदललं. बायकोला शेजारी मिसेस भाते म्हणत. तिने पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मागे वळून बघितलं होतं, कोण आलंय म्हणून.

पण नावापेक्षा मोठी गोष्ट अशी होती की भाते हे माप होते. मशीनवर नुसता विश्वास ठेवून चालत नाही. रोज सकाळी एका जाड पिचकारीने मोजलेली हवा मशीनमध्ये ढकलायची आणि मशीन तेवढीच दाखवतंय ना ते बघायचं. पण पिचकारी म्हणजे काही माणूस नव्हे. म्हणून दर सोमवारी, ज्याची फुंक किती ते सगळ्यांना ठाऊक आहे अशा धडधाकट माणसाने फुंकायचं. तो माणूस म्हणजे भाते. आकडा नेहमीचा आला की ताई, म्हणजे बाहेरच्या टेबलावर बसणारी बाई, तपासणीच्या कागदावर शिक्का मारी, 'भाते प्रमाण मानून मशीन बरोबर', आणि मग खोलीचं दार उघडे. विभागाच्या मुख्य डॉक्टर, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत, बाहेरच्या पाहुण्यांना सांगत की आमच्याकडे दोन गोष्टी कधीच चुकत नाहीत. त्यातली एक भाते असत. दुसरी पाहुणा कोण आहे त्यावर ठरे. भात्यांनी सिगरेट कधी ओढली नाही, सर्दीत रजा घेतली, रविवारी मोठ्याने गाणंसुद्धा म्हटलं नाही. माप झालेल्या माणसाला जपून राहावं लागतं. कधी कधी त्यांना वाटे, आपण छातीत हवा नव्हे, हॉस्पिटलची वस्तू घेऊन हिंडतो आहोत, आणि ती कुठे आपटेल म्हणून ते गर्दीत हात छातीशी धरून चालत.

त्या संध्याकाळी घरचा जिना चढताना आजींच्या फुंकेची ती बारीक शीळ त्यांच्या कानात होती. पहिल्या मजल्यावर ते थांबले आणि दंतवैद्याच्या दारावरची पाटी वाचली. दुसऱ्यावर शिकवणीच्या वर्गाची. तिसऱ्यावर कोणीतरी कुत्र्यापासून सावध राहायला सांगितलं होतं. कुत्रा मरून कित्येक दिवस झाले होते हे भात्यांना माहीत होतं, तरी ते पाटी वाचत राहिले, आणि वाचता वाचता एकदम त्यांनी पाटीवरून नजर काढली. कारण ही युक्ती त्यांच्या ओळखीची होती. त्यांचे पेशंट हेच करत. दम लागलाय हे माणूस सहसा कबूल करत नाही. तो बुटाची नाडी बांधतो, फोन काढून बघतो, बागेतल्या फुलाचं कौतुक करतो. फुलाचं कौतुक फार करणाऱ्या माणसांना भाते लगेच खुर्ची देत. गेल्या आठवड्यातच बायको म्हणाली होती, "शेजाऱ्यांच्या पाट्या तुला एव्हाना तोंडपाठ झाल्या असतील," आणि ते हसले होते, आणि हसताना कठड्याला धरलं होतं. आता त्याच कठड्याला धरून ते उभे होते आणि डोक्यात नको तेवढे शब्द फिरत होते. भाषाही काय लबाड; दम धर म्हणजे थांब, दम दे म्हणजे भीती घाल, दम खा म्हणजे जरा बस, त्याच्यात दम आहे म्हणजे गडी खरा, आणि दम लागला म्हणजे खेळ आटोपला. सगळ्याला शब्द एकच. वडिलांना शेवटी हाच एक शब्द बोलता येई, आणि त्यातला कुठला अर्थ ते सांगतायत ते घरात कोणाला कळत नसे. वडील लाकडाच्या वखारीत करवतीवर होते. भुवयांत भुसा घेऊन घरी यायचे, पलंगाच्या काठावर बसायचे, हात गुडघ्यांवर टेकवून, खांदे कानांशी, ओठ गरम चहावर फुंकर घालावी तसे. भाते आणि त्यांचा धाकटा भाऊ समोर बसून त्यांची नक्कल करायचे. तो त्यांचा खेळच होता, कोण जास्त वेळ बाबांसारखं बसतो. धाकटा नेहमी जिंकायचा. वडीलही हसायचे, आणि हसण्यातून परत यायला त्यांना फार वेळ लागायचा. तेवढा वेळ दोघं भाऊ गप्प बसून त्यांच्या गळ्याखालचा खळगा आत-बाहेर होताना बघत राहायचे.

चौथ्या मजल्याच्या शेवटच्या पायऱ्या राहिल्या होत्या. तिथे, पाटी नसलेल्या भिंतीकडे बघत, भात्यांना पिचकारी आठवली. ताईच्या हातून ती पडली होती. टोक वाकडं झालं म्हणून दुरुस्तीला गेली आणि दुरुस्तीला गेलेल्या वस्तू जातात तिथे गेली. त्यानंतरच्याच एका सोमवारी भात्यांचा आकडा कमी आला. पुन्हा फुंकले, पुन्हा कमी. मॅडमनी पडद्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, मशीन बिघडलं. दुसरं काही असू शकतं हे खोलीत कोणाच्या मनात आलं नाही. भात्यांच्याही नाही, आणि आता भिंतीसमोर उभं राहून ते स्वतःला विचारत होते की खरंच आलं नव्हतं का. मशीनच्या कंपनीचा माणूस आला, नवा होता, टाय त्याच्यापेक्षा मोठा. मशीन त्याने उघडून पाहिलं, त्यात त्याला काही सापडेना. साहेबांना सर्दीबिर्दी तर नाही ना, असं त्याने चाचरत विचारलं तेव्हा ताईने त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा मशीनकडे वळला. मॅडमनी त्याला समजावलं की मशीन कालचं आहे आणि भाते फार आधीपासूनचे. मग त्याने एक आकडा वाढवला, भाते फुंकले, अजून वाढवला, भाते फुंकले, असं करत करत भात्यांची फुंक पुन्हा भात्यांएवढी भरली आणि सगळ्यांनी चहा घेतला. काही आठवड्यांनी पुन्हा कमी. या वेळी त्याने फोनवरूनच सांगितलं कसं करायचं ते. पुढे ताईलाच ते जमायला लागलं. शिक्का मारायच्या आधी ती हिशोबाने जरा वाढवायची, भाजीत मीठ घालतात तसं. म्हणजे, भाते भिंतीला म्हणाले, मी खाली उतरत गेलो आणि मशीन माझ्या मागे मागे खाली आलं. म्हणजे मशीन सगळ्यांनाच वाढवून सांगतंय. ज्याची फुंक अर्धवट त्याचीही पुरी भरतेय. भात्यांना एकदम पेशंटचे चेहरे दिसायला लागले, नॉर्मल हा शब्द ऐकल्यावर सैल पडणारे, आभार मानणारे, कोणी हात हातात घेणारे. आणि त्या चेहऱ्यांत एक चेहरा त्यांच्या स्वतःच्या नाकाडोळ्याचा होता. धाकट्याला तपासलं होतं ते पिचकारी गेल्यानंतर.

धाकटा गाड्यांना रंग मारणाऱ्या कारखान्यात होता. खोकतो म्हणून दादाकडे आला होता, तेही बायकोने ढकललं म्हणून. भाते त्याच्यावर नेहमीपेक्षा जास्त ओरडले होते, फुंक लेका, लहानपणी जिंकायचास ना. आणि आकडा नॉर्मल आला होता. त्या कागदावर धाकट्याने बढती घेतली. बंद खोलीत, फवाऱ्याशेजारी, सगळ्या रंगकामावर मुख्य.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाते त्याच्याकडे गेले. दार भावजयीने उघडलं आणि उघडता उघडता तक्रार सांगायला सुरुवात केली. हे हल्ली बसूनच झोपतात, पाठीला उशा लावून, विचारलं तर म्हणतात पाठ दुखते. धाकटा आतून ओरडला की दादासमोर चहाड्या करू नकोस. ओरडला म्हणजे सुरुवात ओरडून केली, शेवट बोलून. तो टेबलाशी बसला होता. कोपरं टेबलावर. भाते समोर बसले आणि कारखान्याच्या गप्पा काढल्या, आणि गप्पा ऐकायच्या सोडून ते कुठे तुटतायत ते ऐकत राहिले. धाकटा चार शब्द बोले, एक विनोद करी, आणि दुसरा हसेपर्यंत हवा भरून घेई. हुशार होता, विनोदही बरे असत. त्याने सांगितलं की रविवारी अगदी झकास वाटतं, सुट्टीत तर डोंगर चढलो. सोमवारी दुपारनंतर छातीवर कोणी बसल्यासारखं होतं. सुट्टीत मोकळी आणि कामावर आवळलेली छाती म्हणजे कामाच्या हवेतलंच काहीतरी, हे भात्यांनी शेकडो पेशंटांच्या तोंडून ऐकलं होतं. रंगातली, लाकडातली, पिठातली एखादी बारीक वाफ किंवा धूळ छातीला एकदा नडली की प्रत्येक खेपेला जास्त नडते. वेळेवर त्यातून बाहेर पडलं तर फांद्या पुन्हा मोकळ्या होतात, नाही पडलं तर एक दिवस त्या आवळलेल्याच राहतात. फ्रिजच्या दारावर, चुंबकाखाली, भात्यांच्या सहीचा कागद होता.

"कागद नॉर्मल आहे ना," धाकटा म्हणाला. "मग दोष माझा. वजन वाढलंय. आळस, दुसरं काय."

"तो कागद चुकीचा असेल तर?"

"तुझा?" धाकटा मनापासून हसला आणि मग त्याला ते हसणं पुरं करता येईना. भावजयीने पाण्याचा ग्लास पुढे केला. तो हाताने नको म्हणत राहिला, आणि भाते त्याच्या गळ्याखालच्या खळग्याकडे बघत राहिले, लहानपणी बघायचे तसेच, गप्प. सावरल्यावर धाकटा म्हणाला, "दादा, मी एक वेळ माझ्या छातीवर विश्वास ठेवणार नाही. तुझ्यावर ठेवेन."

माणसाला जन्मभर ज्या वाक्याची भूक असते ते वाक्य असं नको त्या वेळी वाढलं जातं. भात्यांनी त्याला सोमवारी सकाळी हॉस्पिटलमध्ये ये एवढंच सांगितलं. नाही आलास तर घरी येऊन कानाला धरून नेईन, असा दमही दिला, पण तो द्यायला त्यांना दोन हप्ते करावे लागले.

सोमवारच्या आधी ते मॅडमना भेटले, दम लागतो म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं, चांगल्या डॉक्टर होत्या, स्टेथस्कोपही लावला. मोबाईल वाजत होता तेवढ्यात जेवढं ऐकू आलं त्यावरून म्हणाल्या, जरा सूंसूं आहे, सर्दी असेल, वाफ घ्या. मग त्यांना मशीनवर फुंकायला लावलं. पडद्यावर शंभर टक्के आले, ठणठणीत माणसाचे येतात तसे. मॅडमनी पडदा त्यांच्याकडे वळवला.

"तुम्हाला काही झालं असतं तर मशीनने सांगितलं असतं, भाते."

"मशीनला मीच सांगितलंय, मॅडम."

"मग तर प्रश्नच मिटला," मॅडम म्हणाल्या आणि फोन उचलला.

भाते खोलीत परत आले आणि बराच वेळ मशीनसमोर नुसते बसून राहिले. मशीन लहानसंच होतं, खोक्याएवढं, कडेला दिवा. इतकी वर्षं त्यांना वाटे की ते त्याला तपासतात. त्याला काय वाटे हे त्यांनी विचारलं नव्हतं. आता दोघंही एकमेकांच्या चांगल्या वागणुकीचे दाखले देत बसले होते. नव्या बिऱ्हाडातल्या नवरा-बायकोसारखे; तो म्हणतो ती बरी, ती म्हणते तो बरा, आणि गल्लीत दोघांनाही दुसरं कोणी ओळखत नाही. नवी पिचकारी मागवायला मॅडमची सही हवी आणि सही कशाला हवी, मशीन तर बरोबर आहे. भात्यांनी छातीवर हात ठेवला. आत खूप खोल, झाडाच्या टोकाकडे कुठेतरी, फांदी मोडताना होतो तसा बारीकसा चुरचुर आवाज होता, किंवा नव्हता. काय झालंय आपल्याला, हा प्रश्न पहिल्यांदा सरळ समोर येऊन बसला. वखारीतला भुसा, जो ते वडिलांच्या अंगाखांद्यावर खेळताना खात होते? वडिलांकडून आलेलं आणखी काही, भुशाशिवायचं? हे सांगणारी शहरातली सगळ्यात भरवशाची खोली हीच होती आणि ते तिच्यात बसले होते. हवं तर दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊन गुपचूप तपासून घेता येईल, असं मनात आलं. आपल्यापुरतं कळेल, औषध घेऊ, हळूच ताईला सांगून मशीन थोडं थोडं परत वर चढवू, कोणाला पत्ता लागणार नाही. विचार इतका सोयीचा होता की भाते त्यात रविवार संपेपर्यंत राहिले. बायकोने विचारलं काय चाललंय, तर म्हणाले काही नाही. तिने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली की झोपेत तू हल्ली फुंका म्हणत नाहीस, नुसताच घ्या, घ्या म्हणतोस.

सोमवारी बाकावर माणसं बसली होती. धाकटा आला होता, कारखान्याला उशीर होतोय म्हणून घड्याळ बघत, शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना हसवत. ताईने नवी नळी लावून दिली, शिक्का हातात घेऊन उभी राहिली आणि सवयीने दुसरा हात आकडा वाढवायच्या बटणाकडे नेला. भाते खुर्चीवर बसले नाहीत.

"मी नाही फुंकणार," ते म्हणाले.

ताईला आधी हा विनोद वाटला. मग तिने मॅडमना बोलावलं. मॅडम आल्या, बाहेर माणसं खोळंबलीयत म्हणाल्या, आधी समजुतीने आणि मग जरा चढ्या आवाजात. भाते मान हलवत राहिले. जन्मभर दुसऱ्यांना फुंका म्हणणाऱ्या माणसाने तोंड मिटून उभं राहावं हे दृश्य दारातून बाकापर्यंत दिसत होतं आणि सगळे बघत होते. आज दुसऱ्या कोणीतरी फुंका, त्यांनी सांगितलं, कोणीही, फक्त मी नको. शेवटी वैतागून मॅडमच खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत त्या या खुर्चीत कधी बसल्या नव्हत्या. चिमटा लावताना त्यांनी चष्मा काढला आणि एकदम कोणाची तरी मावशी दिसायला लागल्या. भात्यांनी मोठ्याने सांगायचं टाळलं, नुसता हात वर नेला आणि खाली आणला. मॅडम फुंकल्या. मध्येच खोकल्या, अर्धवट सोडलं, आणि मशीनने त्यांना एकशे पंचवीस टक्के दिले. घाट चढणाऱ्या सायकलवाल्याला मिळावेत तेवढे.

मॅडम खूश झाल्या. त्यांच्या तोंडावर पोरीसारखं हसू आलं. रोज चालायला जाते, म्हणाल्या, त्याचा परिणाम आहे हा. ताईने टाळीसुद्धा वाजवली. मॅडमनी कागद छापून घ्यायला सांगितला आणि तो घेऊन त्या निघाल्या, घरी दाखवायचा असणार. भाते त्यांच्या वाटेत उभे होते. हलले नाहीत. त्यांनी हळू आवाजात विचारलं की आज सकाळी लिफ्ट बंद होती, तर मॅडम दुसऱ्या मजल्यावर आल्यावर कुठे थांबल्या होत्या.

मॅडम थांबल्या होत्या हे भात्यांनी पाहिलं होतं. जिन्याजवळच्या खिडकीशी, कुंडीतल्या फुलाकडे बघत. हातातल्या कागदाकडे मॅडमनी पुन्हा एकदा पाहिलं, आणि त्यांचं हसू हळूहळू, वरून खाली, उतरत गेलं. मग ताईच्या हातातल्या शिक्क्याकडे पाहिलं. "कधीपासून?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आत दारातून बाहेरच्या बाकाकडे नजर टाकली आणि लगेच काढून घेतली.

तेवढ्यात धाकटा आत आला. त्याला वाटलं मॅडमचं झालं म्हणजे आता आपला नंबर. खुर्चीत बसला, चिमटा स्वतःच लावला, नळी तोंडात धरली. भात्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही, पण धाकट्याला लागतही नव्हता. दादाकडे बघत, डोळ्यांनी हसत, त्याने छाती भरली आणि तो फुंकला. शीळ साऱ्या खोलीत ऐकू आली. मॅडमनीही ऐकली. रेघ वर गेली, खाली वाकली, रेंगाळली. धाकटा दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवून खोकला, खोकत राहिला, ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत तोच शब्द उमटला. तो वाचायलासुद्धा त्याने मान वर केली नाही. हात वर करून अंगठा तेवढा दाखवला.

"नॉर्मल... ना, दादा?"

भात्यांना पुष्कळ सांगायचं होतं. मशीनचं, पिचकारीचं, बंद खोलीतल्या फवाऱ्याचं, आज कारखान्यात जायचं नाही हे, उद्याही नाही, आणि स्वतःचं. त्यांनी श्वास घेतला. तो कुठवर गेला ते त्यांना कळलं, आणि कुठे अडला तेही.

"नाही," भाते म्हणाले.

खोलीचं दार उघडंच होतं. बाहेर बाकावरची कुजबुज थांबली. धाकट्याने शेजारी बसून ज्यांना हसवलं होतं ते म्हातारे गृहस्थ सावकाश उठून दारापर्यंत आले, दाराला धरून उभे राहिले, आणि खिशातून घडी घातलेला मागच्या खेपेचा कागद काढून भात्यांपुढे धरला.

"मग हा?" त्यांनी विचारलं.